एक सांबर, दोन काठ

"शिंगं कुणाची, ते आज तरी सांगणार का बाबा?"

हिंदुराव वकिलांनी पायातले बूट काढायच्या आधी प्रश्न काढला.

अमीनशा फकीर झोपडीच्या दारात बसून गळाच्या दोरीचा गुंता सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "मासे लागले का?"

"लागले. दोन लागले, चांगले हातभर आहेत. पण मी काय विचारतोय..."

"हातभर? मग आधी दे इकडं."

दरवर्षी हे असंच चालायचं. मी गावातल्या शाळेचा मास्तर. नाताळात शाळा बंद, आणि घरी बसलं की बायको माळ्यावरचे डबे काढायला लावते. म्हणून मी सुट्टीभर नदीकाठी, पिराच्या दर्ग्याशेजारच्या अमीनशांच्या झोपडीत पडीक असायचो. वकिलांचा प्रश्न मला पाठ होता, बाबांचं उत्तरही पाठ होतं.

हिंदुराव शिर्के हे कोल्हापूरचे नावाजलेले वकील. त्यांनी उलटतपासणी सुरू केली की साक्षीदार स्वतःचं नाव विसरतो म्हणे. असं निदान ते स्वतः सांगत. डॉक्टर केरकर हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. नाताळची सुट्टी लागली की दोघं आमच्या गावी यायचे आणि नदीकाठी एक तंबू ठोकायचे. सकाळी गळ टाकून बसायचं, दुपारी घोरायचं, उन्हं उतरली की सांबराच्या मागावर रानात शिरायचं. परवाना काढून शिकार करता यायची तो काळ. आठवडाभर दाढी नाही, कोर्ट नाही, दवाखाना नाही. बाकीचं वर्ष त्या आठवड्याच्या आशेवर काढायचे दोघं.

मग एका वर्षी ते सांबर निघालं.

नर होता, भलं मोठं जनावर. दोघांनी एकदम बार काढले. सांबर कोसळलं. जाऊन बघतात तर अंगावर भोक एकच. बंदुका एकाच मापाच्या, एकाच दुकानातून हौसेनं घेतलेल्या.

"माझी गोळी," वकील म्हणाले.

"छट्, माझी," डॉक्टर म्हणाले.

झालं! मेलेल्या जनावराच्या दोन बाजूंना उभी राहून दोन शिकली-सवरलेली माणसं हमरीतुमरीवर आली. एकानं दुसऱ्याला चष्मा बदलायला सांगितलं. दुसऱ्यानं पहिल्याच्या बापापर्यंत मजल मारली. दुसऱ्या दिवशी तंबू उठला.

त्यानंतर दोघं येत राहिले, पण वेगवेगळे. वकिलांचा तंबू या काठाला, डॉक्टरांचा त्या काठाला, मध्ये तोच डोह. सकाळी समोरासमोर गळ टाकून बसायचे आणि एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत. मला तर बघून हसू यायचं, आणि मग वाईट वाटायचं.

शिंगं त्याच वेळी अमीनशांकडे आणून टाकलेली. ज्याची ठरतील त्याला द्या, असं सांगून. बाबांनी ती भिंतीतल्या खुंटीला टांगली आणि त्यांच्यावर पंचा वाळत घालायला लागले.

वकील स्वतःला बाबांचे शिष्य म्हणवून घेत. शिष्य म्हणजे काय, तर वर्षाला एकदा चहापूड आणि तंबाखू आणायची, आणि हा एक प्रश्न विचारायचा.

"यंदा मी तयारीनं आलोय," वकील म्हणाले. "नुसतं विचारत नाही. सिद्ध करून दाखवतो. सांबर डावीकडून आलं. मी जांभळीच्या बुंध्याशी होतो, केरकर माझ्या मागं. आता मागच्या माणसाची गोळी..."

"हं," बाबा म्हणाले. ते मासे साफ करत होते.

"तुमचं लक्ष आहे ना?"

"आहे की. समोरच्याला काय लागलं आज?"

"एक वांब. तीही बारकी. आणि एक मोठा मासा सुटला त्याचा. घाईनं हिसका मारतो ना! शाळेपासूनची खोड. किती वेळा सांगितलं, अरे आधी गिळू दे त्याला, मग..."

वकील थांबले.

"सकाळभर त्याच्याकडंच बघत होतास होय?"

"समोर बसलाय तर दिसणारच! मी काय डोळ्यांना पट्टी बांधून बसू?"

बाबांनी माशाला मीठ चोळलं. बोटांनी, सावकाश. त्यांना कधी कसली घाई नसायची, आणि वकिलांना तेच सोसायचं नाही.

"काल तू रानात गेला होतास," बाबा म्हणाले. "बार ऐकू आला नाही."

"नाही काढला."

"सांबर नव्हतं?"

"होतं."

"मग?"

वकील बुटावरची माती खरवडायला लागले. उत्तर द्यायचं टाळताना या माणसाला मी पहिल्यांदाच बघत होतो. मला वाटलं, आपण उठावं. पण उठलो नाही. खरं सांगायचं तर ऐकायचं होतं.

"पाण्यावर आलं होतं," वकील म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "वारा माझ्या तोंडावर होता. मी पोटावर सरकत सरकत जवळ गेलो. इतकं जवळ मी आजवर कधी गेलो नव्हतो बाबा. त्याच्या कानावरची माशी दिसत होती मला. शिंगं... अशी. भिंतीवरच्यांपेक्षा मोठी. बंदूक खांद्याला लावली आणि..."

"आणि?"

"मागं वळलो."

"कशाला?"

"बघ म्हणायला."

बाबांचा हात माशावर थांबला.

"सवय हो! दुसरं काय? जन्मभर तो माझ्या मागं असायचा. चिमूटभर राख सोडून वारा बघायचा आणि माझ्या पायाला बोट लावून सांगायचा, आता सरक, आता थांब. मी वळलो, बघ म्हणालो... तर मागं कोण? करवंदीची जाळी. सांबर गेलं उधळून."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. तोंडच पुसलं, असं मी धरून चालतो.

"माझं जाऊ दे," ते पुन्हा वकिली आवाजात म्हणाले. "मुद्दा शिंगांचा आहे."

"केरकर परवा चाललाय," बाबा म्हणाले.

"जाऊ दे. पुढच्या वर्षी येईल."

"नाही येणार. दवाखाना बंद केला त्यानं. धारवाडला लेकीकडं राहायला चाललाय. गुडघे गेलेत म्हणे. काल माझ्या खोकल्याचं औषध द्यायला आला होता, तेव्हा बोलला."

वकिलांनी नदीकडे बघितलं. त्या काठाला करंजाखाली काळी छत्री उघडून डॉक्टर बसले होते. इथून नुसती छत्री आणि गळाची काठी दिसत होती.

"कायमचा?"

"तसंच म्हणाला."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुला कोण सांगणार? सांगायचा तो तिकडं बसलाय."

...

"शिंगांचं विचारलं त्यानं?" वकिलांनी हळूच विचारलं.

"विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, मासे लागले का?"

मला हसू फुटलं. वकिलांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते खोकल्यात घातलं.

"बाबा, थट्टा पुरे," वकील उठून उभे राहिले. कान लाल झाले होते. "तो चाललाय तर आजच्या आज निकाल लागला पाहिजे. तो गेल्यावर मी जिंकून काय करू? कुणाला दाखवू? तुम्ही ठरवा. माझी, नाहीतर त्याची. एकदाचं बोला आणि मोकळं करा मला."

अमीनशा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत उठले. भिंतीवरचा पंचा काढून खांद्यावर टाकला. शिंगं खुंटीवरून उतरवली आणि वकिलांच्या हातात दिली.

"तुझी."



"माझी?"

"तुझी. घेऊन जा."

हिंदुरावांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! शिंगं पोटाशी धरून ते हसले. माझ्याकडे वळले, "बघा मास्तर! मी म्हणत नव्हतो?" मी मान हलवली. मग त्यांनी शिंगं वर उचलली, समोरच्या काठाला दिसतील अशी... आणि अर्ध्यावरच खाली घेतली.

"फक्त रिवाज पुरा कर," बाबा म्हणाले.

"कुठला रिवाज?"

आमच्या रानात एक जुनी रीत आहे. शिंगं ज्याच्या गोळीची, त्यानं पहिला वाटा स्वतः खायचा नाही. तो आपल्या हातानं सोबत्याला वाढायचा. सोबती जेवला की मग शिंगं त्याची. तोवर नाही. शेंबडं पोरही सांगेल आमच्याकडचं. वकिलांनाही माहीत होती रीत, पण त्यांच्या युक्तिवादात ती बसत नव्हती, म्हणून इतकी वर्षं त्यांनी ती बाजूला ठेवली होती.

"त्या दिवशी वाढलंस त्याला?"

"भांडत होतो बाबा आम्ही! वाढतो कुठला? मटण सगळं गावानं नेलं."

"मग आज वाढ."

"आज सांबर कुठून आणू?"

"मासे आहेत की. तुझेच आहेत. मी तळून देतो."

बाबांनी तवा चुलीवर ठेवला. वकील शिंगं घेऊन तसेच उभे. डोकं चालत होतं त्यांचं, मला दिसत होतं.

"मास्तरांच्या हाती पाठवतो," ते म्हणाले.

"मला नका ओढू यात," मी म्हणालो.

"आपल्या हातानं, अशी रीत आहे," बाबा म्हणाले.

"पण तो खाणार नाही! माझ्या हातचं खाल्लं म्हणजे शिंगं माझी हे कबूल केल्यासारखं होणार. मी ओळखतो ना त्याला. उपाशी मरेल, पण कबूल करणार नाही."

"मग त्याची म्हण."

"काय?"

"शिंगं त्याची म्हण. मग तो वाढेल, तू खा."

"मी? मी कबूल करू? इतकी वर्षं भांडून?"

"मग राहू दे. मला दोन मासे जड नाहीत."

तेल तापलं. पहिली तुकडी तव्यावर पडली, चर्रर्र आवाज झाला. वकील दारात बसले. शिंगं मांडीवर. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. बहुतेक दोन्ही बाजूंनी उलटतपासणी चालली असावी, आणि यावेळी साक्षीदार ते स्वतःच होते.



मग त्यांनी शिंगं खाली ठेवली आणि नदीवर गेले. मीही मागोमाग गेलो. बाबा तव्यापाशीच राहिले.

पाण्याच्या कडेला जाऊन वकील उभे राहिले. समोर डॉक्टर. मध्ये डोह, हाक गेली असती इतकाच रुंद. ज्या माणसाच्या आवाजाला जिल्हाभरातली कोर्टं घाबरायची, त्याच्या घशातून आवाज निघेना. तोंड उघडलं, मिटलं. खाकरले. पुन्हा मिटलं.

मला वाटलं, आता हे परत फिरणार. संपलं सगळं.

तेवढ्यात समोर डॉक्टरांची काठी वाकली. गळ पाण्याखालच्या मुळात अडकला होता आणि डॉक्टर जोर लावून ओढत होते.

"ओढू नकोस!" वकील ओरडले. "तुटेल! ढील दे, ढील!"

डॉक्टरांचा हात थांबला. छत्री बाजूला झाली. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा.

"...कुणाला सांगतोयस?" तिकडून आवाज आला.

"इथं दुसरं कोण आहे गाढवा?"

...

"ढीलच देतोय," डॉक्टर म्हणाले.

"उजवीकडं सरक आणि दे."

डॉक्टर उजवीकडे सरकले. दोरी सैल सोडली. गळ सुटला. दोघंही त्या सुटलेल्या गळाकडे बघत राहिले, आता पुढं काय करायचं ते कुणालाच सुचेना.

"जेवलास का?" वकिलांनी विचारलं.

मी खाली वाळूकडे बघत होतो. मला वर बघवेना.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग ये. मासे आहेत." वकिलांनी श्वास घेतला. "आणि हे बघ केरकर... शिंगं तुझी. तू वाढ. मी खातो."

 डॉक्टरांनी छत्री मिटली, चपला काढून हातात घेतल्या, धोतर वर खोचलं आणि खालच्या अंगाला उथळ पाण्यातून चालायला लागले. दुखऱ्या गुडघ्यांनी, हळूहळू, दगड चाचपत. वकील आधी काठावरून, "डावीकडं शेवाळ आहे, सांभाळ," असं सांगत होते. मग बूट-मोज्यांसकट पाण्यात उतरले आणि अर्ध्या वाटेवर जाऊन त्यांनी डॉक्टरांचा दंड धरला.

"बूट भिजले की रे," डॉक्टर म्हणाले.

"गप चाल."

झोपडीपाशी आले तेव्हा बाबांनी दोन जर्मनच्या ताटल्या मांडल्या होत्या. परातीत तळलेले मासे, शेजारी भाकरी. दोघं बसले. एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही म्हातारे झालेत हे दोघांच्याही एकदम लक्षात आलं, असं मला त्यांच्या तोंडावरून वाटलं.

"वाढ," वकील म्हणाले.

"मी नाही वाढणार," डॉक्टर म्हणाले.

"का?"

"शिंगं माझी नाहीत. तुझी आहेत. माझा बार उशिरा निघाला. तुझ्या गोळीनं सांबर वाकलं, मग माझा घोडा दाबला गेला. मला तेव्हाच कळलं होतं."

वकील अवाक झाले. "तेव्हाच कळलं होतं? मग बोलला का नाहीस मेल्या?"

"तू विचारलंस कुठं? तू तर फिर्यादच मांडलीस! वर माझ्या चष्म्यावर घसरलास."

"आणि तू माझ्या बापावर!"

"तुझा बाप भला माणूस होता. चुकलं माझं. आता वाढ."

"मी नाही वाढणार. मी मास्तरांसमोर शिंगं तुझी म्हणालोय. मी शब्द फिरवत नाही."

"अरे पण गोळी तुझी!"

"माझी नसेल! मला नाही आठवत! तू मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतोयस."

"मी खोटं बोलतोय? मी? चाललोय मी परवा, आता खोटं बोलून मला काय मिळणार?"

"धारवाडचं नाव काढू नकोस माझ्यासमोर! मला न सांगता चालला होता."

"तुला सांगायचं म्हणूनच आलोय ना! गुडघे असले असताना मासे मारायला येतो का कुणी?"

 मग वकील पुन्हा शिंगांवर आले. हा म्हणे तुझी, तो म्हणे तुझी. आवाज चढत गेले. परात एकदा इकडे सरकायची, एकदा तिकडे. मासे गार व्हायला लागले, पण कुणी हात घालेना, कारण जो वाढेल तो मालक.

मी बाबांकडे बघितलं. काहीतरी करा, असं डोळ्यांनी म्हणालो.

अमीनशा उठले. दोघांच्या मध्ये वाकले. परातीतले मासे त्यांच्याकडे तसेच सरकवून ठेवले. मग दोन ताटल्यांतली एक उचलली, खांद्यावरच्या पंच्यानं पुसली आणि उपडी घालून चुलीमागं ठेवून दिली.

उरलेली एकच ताटली त्यांनी दोघांच्या मध्ये सरकवली.

"माझ्याच्यानं आता दोन ताटल्या घासणं होत नाही," बाबा म्हणाले.